मातीचं घर बांधायचंय? आधी वहीत दोन रकाने आखा

घर बांधणारा प्रत्येक माणूस एक वही करतो. सिमेंटच्या गोण्या इतक्या, सळई इतकी, वाळू इतके ब्रास, गवंड्याला उचल दिली इतकी. वास्तुशांत झाली की ती वही कपाटावर जाते ती जातेच. माझ्याकडे कोणी नवखा विचारायला आला की मी त्याला सांगतो, वही तीच ठेवा, फक्त प्रत्येक खर्चापुढे आणखी दोन रकाने आखा. डावीकडे ‘गावात राहिले’, उजवीकडे ‘गावाबाहेर गेले’.

‘रिजनरेटिव्ह कन्स्ट्रक्शन’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. मराठीत त्याला पुनरुज्जीवक बांधकाम म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा. घर उभं राहिल्यावर तिथली माती, पाणी, कारागिराचा हात आणि गावातला पैसा आधीपेक्षा बऱ्या स्थितीत असायला हवा. आपल्याकडे हे तपासायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे ती वही.

खाली सांगतोय ते २० बाय १४ फुटांच्या, मध्ये एक आडवी भिंत असलेल्या दोन खोल्यांच्या एकमजली घराबद्दल. आत २८० चौरस फूट, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला लागणाऱ्या किमान २५ चौरस मीटरमध्येही बसतं. माझा अनुभव विदर्भ-मराठवाड्याचा. कोकणातल्या माणसाने मातीऐवजी जवळच्या चिरेखाणीवर जाऊन जांभ्याची चौकशी करावी. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, आणि तिथल्या पावसाला तोच बरा. बाकीच्या पायऱ्या थोड्याफार फरकाने त्याच.

पायरी १: वही आणि माणसं

नकाशा काढायच्या आधी गावात फिरा. मातीकाम केलेला म्हातारा गवंडी कोण आहे? दगड घडवणारा पाथरवट? सुताराचं दुकान चालू आहे की त्याचा मुलगा शहरात फर्निचरच्या कामाला गेला? कुंभाराचा आवा, म्हणजे भट्टी, पेटतो का अजून? ही यादी म्हणजे तुमचं निम्मं डिझाइन. ज्या कामाला गावात हात आहेत, ते काम घरात वाढवायचं.

आता वहीतले रकाने बघा. सिमेंट, सळई, रंग, काच, टाइल यांचे पैसे तालुक्याच्या दुकानात आणि तिथून पुढे कारखान्यात जातात. गवंड्याची मजुरी मात्र शनिवारी हातात पडते आणि रविवारी गावच्याच किराण्यात, शिंप्याकडे, पिठाच्या गिरणीत फिरते. सिमेंटच्या घरात मोठा वाटा सामानाचा असतो, मातीच्या घरात मजुरीचा. त्यामुळे मातीचं घर ‘स्वस्त’ असतं असं मी कोणाला सांगत नाही. नीट बांधलं तर ते फार स्वस्त पडत नाही, पण खर्च केलेला पैसा ओळखीच्या घरांत जातो.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवा. लिंपण, सारवण, गिलाव्याचा चिखल कालवणं ही कामं बायका करतात, म्हणून ती वहीत येतच नाहीत. गवंड्याच्या नावापुढे रोजचा आकडा आणि लिंपणाऱ्या मावशींच्या नावापुढे ‘चहा-जेवण’, हे मी पाहिलंय. मातीच्या घराचं अर्धं आयुष्य लिंपणावर उभं असतं. त्यांना गवंड्याचा दर द्या. नसेल जमत, तर निदान पुनरुज्जीवनाच्या गप्पा मारू नका.

आणि दोन शिकाऊ पोरं ठेवा, पगारी. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांदो गावात, वास्तुकार फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली गावकऱ्यांच्या हातून मातीच्या विटांची शाळा बांधून घेतली. पुढे २०२२ मध्ये केरेंना वास्तुकलेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, त्याची बातमी सगळीकडे आली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: त्या शाळेवर हात बसलेल्या गावकऱ्यांना नंतर इतर बांधकामांवर काम मिळू लागलं.

पायरी २: कॅलेंडर

दसरा-दिवाळीला सुरुवात, मृगाच्या आत छप्पर. यात सूट नाही. पाऊस संपताना जमीन ओलसर असते, खणायला सोपी. कार्तिक-मार्गशीर्षात विटा पाडायच्या, माघ-फाल्गुनात भिंती, चैत्रात छप्पर. ७ जूनला मृग लागतो, त्याआधी किमान तीन आठवडे कौलं चढलेली हवीत. लग्नसराईत मजूर मिळत नाहीत, आंब्याच्या दिवसांत सुतार मिळत नाही, हेही कॅलेंडरमध्ये धरा.

पायरी ३: माती ओळखा

नवखा माणूस इथे सगळ्यात जास्त चुकतो. मीही चुकलो होतो. पहिली भिंत घातली ती घराशेजारच्या काळ्या मातीची, कारण ती हाताशी होती आणि चिखल लोण्यासारखा होत होता. पंधरा दिवसांत भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. ती कापसाला द्या, भिंतीला नको. आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. शेताची ती ‘काळी’ आणि गावठाणाची ती ‘पांढरी’, असे दोन शब्दच भाषेत आहेत. वाडे-गढ्यांच्या भिंती पांढरीच्या मातीच्या असत. (म्हणून उठून गावची गढी खणायला जाऊ नका. तिथे इतिहास पुरलेला असतो, आणि कायदाही आडवा येतो.)

वरचा फूटभर थर बाजूला करून त्याखालची माती घ्या आणि चार परीक्षा करा.

बाटलीची परीक्षा: काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात तळाला बसते ती वाळू. अर्ध्या तासात त्यावर बसतो तो पोयटा, म्हणजे बारीक गाळ. चिकणमाती बसायला रात्र जाते. सकाळी पट्टीने थर मोजा. दाबाच्या (न भाजता यंत्रात दाबून पाडलेल्या) विटांसाठी ढोबळ प्रमाण असं: बारीक खडा १५ टक्के, वाळू ५०, पोयटा १५, चिकणमाती २०. अगदी तंतोतंत कुठेच मिळत नाही. चिकण जास्त असेल तर वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळायचा.

सुरळीची परीक्षा: माती कणकेसारखी मळून अंगठ्याएवढी जाड सुरळी करा आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. दोन इंचांतच तुटली तर चिकण कमी. वीतभर लोंबत राहिली तर चिकण फार.

गोळ्याची परीक्षा: लिंबाएवढा गोळा, कमरेच्या उंचीवरून खाली टाका. चपटा होऊन चिकटला तर ओल जास्त, भुगा झाला तर कमी. चार-पाच तुकडे झाले की ओल बरोबर.

चौथी परीक्षा पुस्तकात वाचून मला पटली नव्हती. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चिमूटभर माती सरळ तोंडात टाकली, दाताखाली फिरवली, थुंकला आणि म्हणाला, “कचकच नाही लागली त भिंतीची माती नाही, भाऊ. हे चुलीले चांगली.” बाटलीने दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. शेणखताचा ढीग किंवा गोठा जवळ असेल तर मात्र बाटलीवरच भागवा.

पायरी ४: खड्डा वाया घालवू नका

आता जरा हिशोब. बाहेरच्या चार भिंती आणि मधली एक, मिळून ८२ फूट लांबी. उंची ९ फूट, जाडी दीड फूट. साधारण ११०० घनफूट, दारं-खिडक्या वजा केल्या की १० ब्रास माती (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). म्हणजे १४ बाय १२ फुटांचा, ६ फूट खोल खड्डा.

हा खड्डा कुठे पडावा हे घराच्या जागेइतकंच विचारपूर्वक ठरवा. उताराच्या खालच्या अंगाला, घराच्या जोत्यापासून लांब, विहिरीच्या किंवा बोअरच्या वरच्या बाजूला तो आला तर पावसाळ्यात तेच पुनर्भरणाचं तळं. त्यात एका वेळी साडेअठ्ठावीस हजार लिटर पाणी मावतं. छपराचं पाणीही तिकडेच वळवा: भिंतीबाहेर आलेल्या रुंद कडा धरून छप्पर ५७ चौरस मीटरच्या आसपास भरतं, आणि १००० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर वर्षाला ५७ हजार लिटर पाणी पडतं. निम्मं जरी तळ्यात पोचलं तरी घराने खाल्लेल्या मातीची भरपाई सुरू झाली. आणि सुरुवातीला बाजूला काढलेला फूटभर सुपीक थर परसात पसरा, वांगी-मिरच्या त्यावर लावा. गावात लहान मुलं असतात, तेव्हा तळ्याला एका बाजूने पायऱ्या आणि भोवती कुंपण हवंच.

माती-मुरूम बाहेरून आणणार असाल तर तलाठ्याला विचारून तहसीलमधून गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टीची पावती घ्या. ‘गावातलंच तर आहे’ म्हणून चालत नाही. ट्रॅक्टर अडवला की चार दिवस काम बंद.

पायरी ५: पाया आणि जोतं

मातीच्या भिंतीला पाणी दोन वाटांनी मारतं, खालून आणि वरून. खालची वाट जोत्याने बंद होते. पाया काळ्या मातीतून मुरमापर्यंत न्या, मग तो तीन फुटांवर लागो की पाचवर. जोतं दगडाचं, जमिनीपासून किमान दीड-दोन फूट. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते साधारण तेवढंच वर येतं. लाकडी खांब असतील तर त्यांच्या बुडाशी दगडाचा तळखडा बसवा, नाहीतर वाळवी घरभरणीला तुमच्याआधी पोचते.

दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यात भरा. कळीचा चुना विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून उडतो, डोळा जातो. चष्मा, हातमोजे, आणि पोरांना लांब पाठवा. विझलेला चुना दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवला की लोण्यासारखा होतो. मग एकाला तीन वाळू. सिमेंटच्या सवयीचा गवंडी दुसऱ्या दिवशी म्हणेल, “हे तर अजून ओलंच आहे.” चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, महिने घेतो. त्याला आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि धीर धरा.

पायरी ६: भिंत, आणि किल्लारी

मराठवाड्यात मातीच्या घराचं नाव काढलं की समोरचा माणूस एकच शब्द बोलतो: किल्लारी. बरोबर आहे त्याचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. हजारो माणसं स्वतःच्या घराखाली गेली. ज्याच्या घरातलं कोणी गेलंय त्याला ‘माती किती थंड असते’ हे ऐकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याला उत्तर द्यायचं तर नेमकं काय पडलं हे माहीत हवं.

ती घरं दगड-मातीची होती. भिंती दोन-तीन फूट जाड, पण आतून दोन वेगळ्या भिंती: बाहेरचा दगडी पडदा, आतला दगडी पडदा, मध्ये चिखल आणि लहान धोंड्यांची भर. दोघांना शिवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की दोन्ही पडदे फुगून एकमेकांपासून सुटले. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. १० बाय १४ च्या खोलीवर दीड फूट पांढरी माती असेल तर तिचं वजन नऊ-दहा टन भरतं. दरवर्षी गळतं म्हणून वर आणखी माती टाकायची रीत, त्यामुळे ते वाढतच गेलेलं. शिवाय त्या वेळच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

म्हणून खालचे नियम गवंड्याच्या मर्जीवर सोडायचे नाहीत. मातीच्या इमारतींसाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ अशी दोन भारतीय मानकं आहेत, दोन्ही १९९३ चीच. त्यातलं नवख्याला लागणारं एवढं:

- भिंतीची आधाराशिवायची लांबी जाडीच्या दहापटीपेक्षा जास्त नको. दीड फुटी भिंतीला १५ फूट. आपली सगळ्यात लांब मोकळी भिंत १४ फूट आहे, ती याच कारणाने. मधली आडवी भिंत काढून हॉल मोठा करायचा मोह टाळा.
- दार-खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नको, आणि कोपऱ्यापासून चार फूट लांब हवी.
- दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीवर, दर चार फुटांना एक आरपार दगड. गवंडी त्याला हेडर म्हणतात. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर तिथे सळईचा आकडा घालून काँक्रीटचा ठोकळा ओता.
- दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली, घराभोवती सलग फिरणारा पट्टा. लाकडाचा असो वा काँक्रीटचा, कोपऱ्यात तुटता कामा नये.

शेवटच्या दोन नियमांत सिमेंट-सळई आली, हे मला ठाऊक आहे. जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतं, तरी या पट्ट्यासाठी मी ते बिनदिक्कत वापरतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ घराचा हट्ट धरणाऱ्याने आधी किल्लारीला जाऊन यावं.

भिंत कच्च्या विटांची करणार असाल तर विटा सावलीत तीन-चार आठवडे वाळवा, रोज कूस बदलून. दाबाच्या विटांच्या यंत्रात ५ टक्के सिमेंट घालून विटा पाडल्या तर त्यांना २८ दिवस ओल लागते. भट्टीचा कोळसा वाचतो, आणि असं एक हाताने चालवायचं यंत्र बचत गटाने घेतलं तर घर संपल्यावरही चालू राहतं. दिवसाला भिंत दोन फुटांपेक्षा जास्त चढवू नका. ओळंबा दर थराला. चिखल तुडवायचा पहिला दिवस इर्जिकीसारखा, सगळ्यांनी मिळून बिनमजुरीचा करा, गाव येतं, मजा येते, जेवण घाला. दुसऱ्या दिवसापासून मजुरी.

पायरी ७: छप्पर

हलकं, उतरतं, आणि भिंतीच्या बाहेर किमान अडीच फूट आलेलं. वासे-आढ्याचं लाकूड नवीन घेण्याआधी तालुक्यात पाडकाम कुठे चाललंय ते बघा. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान वाळवीला पुरून उरलेलं असतं. कौलं जुनी घेतलीत तर प्रत्येकावर बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर घ्या.

कुंभाराचा आवा पेटता असेल तर वर्ध्याजवळ दत्तपूरला एकदा जाऊन या. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी सुरू केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र तिथे आहे. कुंभाराने चाकावर घडवलेले पोकळ, शंकूसारखे मातीचे नळे एकात एक बसवत कमानीचं छप्पर करण्याची पद्धत तिथे पाहायला मिळते. सळई नाही, लाकूड नाही. मडक्यांना गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून आवा विझत चाललेला कुंभार एका घरामागे काही हजार नग घडवतो. वहीत डावीकडच्या रकान्यात याच्याइतकी मोठी नोंद क्वचितच पडते. तिथून सेवाग्राम फार लांब नाही. १९३६ पासूनच्या त्या आश्रमात बापूकुटीच्या मातीच्या भिंती बघा. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी ओल्या मातीत उमटवलेली झाडं आणि चरखा अजून दिसतो. लोक ती कलाकुसर बघतात. तुम्ही जोत्याची उंची आणि पागोळीचं अंतर बघा.

पायरी ८: गिलावा

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत अडकते, दोन्ही वेगवेगळे आकसतात, आणि तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रा भाकरीसारखा सुटून येतो. माती, भुसा आणि शेण एकत्र आठ-दहा दिवस भिजत घाला. वास येतो, शेजारी नाक मुरडतात. भेगा कमी पडतात ते याच कुजण्यामुळे. वरून चुन्याचे पातळ दोन-तीन हात.

पायरी ९: कागद

घरकुल योजनेत ठेकेदार लावायचा नसतो, बांधकाम लाभार्थ्यानेच करून घ्यायचं असतं, ही आपल्या बाजूची गोष्ट. अडचण येते ती ‘पक्कं घर’ या शब्दावर. म्हणून ग्रामपंचायतीच्या परवानगीसोबत नकाशावर भिंतीची जाडी, पट्टे, जोतं आणि वर सांगितलेल्या दोन्ही मानकांचे क्रमांक इंजिनिअरच्या सहीने लिहून न्या. ‘मातीचं घर’ म्हटल्यावर मान हलवणारा माणूस ‘आयएस १३८२७ प्रमाणे’ हे वाचून निदान खुर्चीत सरळ बसतो. बँकेचं मात्र काम सुरू करण्याआधी विचारून घ्या, अर्ध्यावर नको.

पायरी १०: पहिला पाऊस

मृगाचा पहिला जोरदार पाऊस लागला की घरात बसू नका. छत्री आणि चुन्याचा खडा घेऊन बाहेर पडा, गवंड्यालाही बोलवा. घराभोवती एक चक्कर मारा. पागोळी कुठे भिंतीवर येते, जोत्यावर शिंतोडे किती वर उडतात, पाणी तळ्याकडे जातंय की दारात साचतंय, जिथे चुकलंय तिथे दगडावर खूण करा. दिवाळीनंतर ऊन पडलं की लिंपणाच्या मावशींना आणि त्या दोन पोरांना बोलावून एकेक खूण पुसत जायची. त्या दिवसाची मजुरीही वहीत, डावीकडे.